कॅनडातल्या एका थडग्याबद्दल विचारायचं आहे

पाचपाखाडीकर_काकू
मंडळी, उन्हाळ्यात लेकाकडे मॅनिटोबात होते. ब्रँडनपासून तासाभरावर एका गावात सुनेचं काम होतं, मीही गाडीत बसले. काम लांबलं. पाय मोकळे करायला दुसरी जागा दिसेना, म्हणून दफनभूमीत शिरले. (इथे तिन्हीसांजेला स्मशानाकडे फिरकले असते तर सासूबाईंनी दारातच पाय धुवायला लावले असते! पण तिथे आठ वाजता लख्ख ऊन, कापलेलं गवत, आणि तलावपाळीला कधी मिळणार नाही अशी शांतता.)

एक पांढरा दगड होता. कॅनडाच्या हवाई दलातला मुलगा, १९४२, वय २०. लढाई कुठे आणि हा गव्हाच्या शेतांत कसा? सून म्हणाली, ट्रेनिंगमध्ये गेला असेल. मी तीस वर्षं हिशेबखात्यात काढली, त्यामुळे हात आपोआप डायरीकडे गेला आणि दगडावरचं सगळं उतरवून घेतलं. नाव इथे देत नाही, त्याचं कोणी असेल अजून.

परवा सर्वपित्रीला एक पान जास्त वाढलं. हे म्हणाले, "हा कोण आणखी?" मला धड सांगताच येईना. तो कसा गेला हे शोधता येतं का?

नेरुळचा_पक्या
काकू, हुद्दा काय कोरलाय?

पाचपाखाडीकर_काकू
लीडिंग एअरक्राफ्टमन.

नेरुळचा_पक्या
मग तो बहुधा शिकाऊच. शिक्षण पुरं होऊन छातीवर पंखांचा बिल्ला लागला की सार्जंट नाहीतर पायलट ऑफिसर होत. डिसेंबर १९३९ मध्ये कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचा करार झाला आणि कॅनडाभर उड्डाणशाळा निघाल्या. बॉम्ब पडायची भीती नाही, जागा अफाट. आधी टायगर मॉथ किंवा फ्लीट फिंच या विमानांवर धडे. मग एक इंजिनवाल्यांना पिवळं हार्वर्ड, दोन इंजिनवाल्यांना अ‍ॅन्सन किंवा क्रेन. १,३१,५५३ जण तयार होऊन बाहेर पडले. मधेच संपलेली पोरंही शेकड्यांनी. रात्रीचं उड्डाण, बिघडलेली हवा, हवेतली टक्कर, शिवाय विशीतली खुमखुमी: नको तितकं खाली उतरून विमान उडवायचं.

खारघर_जुनी_कागदपत्रं
'कॅनेडियन व्हर्च्युअल वॉर मेमोरियल' या सरकारी साइटवर नाव टाका, फुकट आहे. ओटावाच्या संसदेतल्या स्मरणग्रंथात त्याचं पान कुठलं, तेही कळेल. तिथे रोज एक पान उलटतात, म्हणजे त्याचं पान वर्षातून एकदा समोर येतं. सर्वपित्रीच म्हणा ना! अपघाताचा तपशील हवा तर 'लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडा', म्हणजे तिथलं सरकारी दफ्तरखानं. १९३९ ते १९४७ मध्ये सेवेत वारलेल्यांच्या फायली तिथे खुल्या आहेत. लेकाला नकाशाही बघायला सांगा. मॅनिटोबानं आपल्या मेलेल्या सैनिकांची नावं तळ्यांना, बेटांना दिली आहेत.

ऐरोलीची_माई
माझी एक शंका. ब्रिटन, ऑस्ट्रेलियाच्या मुलांना शाळेजवळच पुरत, घर समुद्रापार. कॅनडातला मुलगा मात्र बहुतेक वेळा रेल्वेनं घरी पाठवत. तुमचं गाव एवढंसं, तर तो तिथलाच असणार. बाजूच्या दगडांवरही तेच आडनाव आहे का?

पाचपाखाडीकर_काकू
माई, आत्ता डायरी उघडली. पानाच्या कोपऱ्यात मीच लिहिलंय: "डावीकडे तेच आडनाव, नवरा-बायको." तेव्हा डोक्यात प्रकाशच पडला नाही. दोघांची सालं उतरवली आहेत. वडील १९४९. आई १९७१.

पक्या, फाईल मागवायचा अर्ज लेकाकडून भरून घेते. यांनाही वाचून दाखवलं सगळं. म्हणाले, पुढच्या वर्षी पानं तीन वाढ.