कारण, हेतू, निमित्त, सबब : इराक कुवेतमध्ये शिरला तो नेमका कशामुळे?

मूळ प्रश्न

‘इराकने कुवेतवर आक्रमण केले. कारणे लिहा.’ हा प्रश्न तपासताना दरवर्षी माझी चिडचिड होते. मुलं एका दमात लिहून मोकळी होतात : कर्ज, तेलाचे पडलेले भाव, रुमैलाच्या तेलक्षेत्रातली चोरी, बसऱ्याचा जुना हक्क, कुवेती क्रांतिकारकांचं बोलावणं. पाच मुद्दे, पाच गुण. माझ्या मते यातलं एखाददुसरंच ‘कारण’ म्हणण्याच्या लायकीचं आहे. बाकीची निमित्तं, सबबी किंवा सरळसरळ थापा आहेत. सहकारी म्हणतात, मराठीत हे सगळे शब्द एकमेकांच्या जागी चालतात, उगाच कीस पाडू नका. खरंच चालतात का?

प्रतिसाद १

चालत नाहीत. तारखा लावून बघा, शब्द आपोआप सुटे होतील.

जुलै १९९०च्या मध्यावर इराकने अरब लीगकडे लेखी तक्रार केली. कुवेत आणि संयुक्त अरब अमिरात ओपेकने (तेल निर्यात करणाऱ्या देशांच्या संघटनेने) ठरवून दिलेल्या कोट्यापेक्षा जास्त तेल उपसतात, त्यामुळे भाव पडतात, आणि पिंपामागे एक डॉलर उतरला की आमचं वर्षाला एक अब्ज डॉलरचं नुकसान होतं, असं इराकचं म्हणणं. आठ वर्षं इराणशी लढून तिजोरीत खडखडाट, एकट्या कुवेतचं देणं सुमारे १४ अब्ज डॉलर, आणि ते माफ करायला कुवेत तयार नाही. ही चणचण खरी होती. याला मी बेलाशक ‘कारण’ म्हणेन.

त्याच तक्रारीत रुमैला आहे. हे तेलक्षेत्र सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं. कुवेतने आमच्या बाजूचं तेल ओढलं, त्याचे २.४ अब्ज डॉलर टाका, अशी मागणी. त्यात तथ्य कितीही असो, ज्या सुरात ती मांडली त्याला मराठीत नेमका शब्द आहे : कुरापत. भांडायचं आधी ठरलेलं असतं, मग कुरापत काढली जाते.

२ ऑगस्टच्या पहाटे फौजा शिरल्या. बगदादने जाहीर काय केलं? कुवेती तरुण क्रांतिकारकांनी अमिराला, म्हणजे कुवेतच्या राज्यकर्त्याला, हटवलं, त्यांनी बोलावलं म्हणून आम्ही आलो, लवकरच परत जाऊ. ४ ऑगस्टला ‘हंगामी सरकार’ही उभं केलं. ८ ऑगस्टला तेच गुंडाळून कुवेत इराकमध्ये सामील केल्याची घोषणा, आणि २८ ऑगस्टला कुवेत हा इराकचा १९वा प्रांत. बोलावलेला पाहुणा आठवडाभरात घरमालक झाला. मध्ये १२ ऑगस्टला इराकचा राष्ट्राध्यक्ष सद्दाम हुसेनला पॅलेस्टाईन आठवलं : इस्रायलने बळकावलेली जमीन सोडावी, मग आमचंही बघू. काम उरकल्यावर शोधली जाते ती सबब. महिन्याभरात तीनदा बदलते ते कारण नसतं.

प्रतिसाद २

निमित्ताबद्दल जरा जपून. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, ‘निमित्त’ हलकं नाही. घड्याचं उपादान कारण माती आणि निमित्त कारण कुंभार. म्हणजे घडवणारा तोच! गीतेतलं ‘निमित्तमात्रं भव’ आलं आणि निमित्ताची वरवरचं या अर्थाकडे घसरण सुरू झाली, असा माझा आपला तर्क. आज आपण ‘वाढदिवसाचं निमित्त’ म्हणतो, ‘काहीतरी निमित्त काढून आला’ म्हणतो. तेव्हा शास्त्राच्या भाषेत सद्दाम हा निमित्त कारण, आणि बोलीत रुमैला हे निमित्त. उत्तरपत्रिकेत यातलं कुठलं धरणार?

प्रतिसाद ३

बोलीतलंच धरा हो. बारावीच्या पोरांना न्यायशास्त्र कुठे शिकवता!

मला ‘सबब’ची गंमत वाटते. मूळ अरबी शब्दाचा अर्थ सरळ ‘कारण’. बगदादच्या रस्त्यावर आजही त्याच अर्थाने चालतो. आपल्याकडे कचेरीतल्या अर्जात ‘सबब, विनंती की’ म्हणजे ‘म्हणून’, आणि घरात ‘सबबी सांगू नकोस’ म्हणजे बहाणे करू नकोस.

प्रतिसाद ४

प्रतिसाद १मध्ये हेतू कुठे गेला? कारण मागे असतं, हेतू पुढे. कर्जात बुडणं हे कारण. कुवेत गिळून काय पदरात पाडायचं होतं, तो हेतू. आणि त्यावर अजून एकमत नाही.

नकाशा बघा. इराक एवढा मोठा देश, पण समुद्रकिनारा जेमतेम ५८ किलोमीटर. शत्त-अल-अरबचा जलमार्ग युद्धात बुडालेल्या जहाजांनी आणि गाळाने बंद. तोंडाशी बुबियान आणि वारबा ही कुवेतची बेटं. एक मत असं की सद्दामला खोल पाण्याचं बंदर हवं होतं. दुसरं मत तेलाचं : दोन्ही देश मिळून जगातल्या तेलसाठ्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा मुठीत आला असता. तिसरं मत भीतीचं : अमेरिका, इस्रायल आणि आखाती शेख मिळून आपल्याला गळफास लावताहेत अशी सद्दामची खात्रीच झाली होती. २००३ नंतर त्याच्या बैठकींच्या ध्वनिफिती अमेरिकेच्या हाती लागल्या, तेव्हापासून या मताला जोर आला.

मला तिसरं मत अपुरं वाटतं. भीतीपोटी माणूस बेटं घेईल, वाटाघाटीत वरचढ ठरण्यापुरती सरहद्दीवरची पट्टी घेईल. शेजाऱ्याची राजधानी एका दिवसात घेऊन त्याचं नावच नकाशावरून पुसतो, त्यात हाव आहे.

आणि ‘अमेरिकेने हिरवा कंदील दाखवला’ हे मुलं कारणांत घालतात, ते तर खोडाच. २५ जुलैला राजदूत एप्रिल ग्लास्पी सद्दामला भेटल्या आणि अरबांच्या आपसातल्या सरहद्दीच्या वादात आमचं काही मत नाही, असं म्हणाल्या. याने फार तर त्याला मोकळं रान मिळाल्यासारखं वाटलं असेल. रान मोकळं दिसणं म्हणजे शिकारीला निघण्याचं कारण नव्हे.

प्रतिसाद ५

बसऱ्याच्या हक्काचं काय? कुवेत उस्मानी (तुर्की) काळात आजच्या इराकमधल्या बसऱ्याशी जोडलेलं होतं, रेघा इंग्रजांनी मारल्या. १९६१मध्ये कुवेत स्वतंत्र होताच इराकचा तेव्हाचा पंतप्रधान कासिम यानेही हाच दावा केला होता. आणि आपण? त्याच १९६१च्या डिसेंबरात गोव्यात फौजा घातल्या. पोर्तुगाल ‘आक्रमण’ म्हणत होता, आपण ‘मुक्ती’ म्हणतो. सबबीचा शिक्का दुसऱ्याच्याच कपाळावर का?

प्रतिसाद ६

कारण कासिम गेल्यावर १९६३मध्ये इराकनेच कुवेतला स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली होती. स्वतः सोडलेला दावा सत्तावीस वर्षांनी माळ्यावरून काढला, तर त्याला हक्क म्हणायचं की सबब, तुम्हीच सांगा.

गोव्याचंही तसंच बघा. तिथे परका वसाहतवाला बसलेला होता आणि त्याच्याविरुद्ध गोव्यातल्याच लोकांनी तुरुंग भोगले होते. कुवेतमध्ये सद्दामला हंगामी सरकारसाठी नाव घेण्याजोगा एक कुवेती पुढारी मिळाला नाही. ऑक्टोबरात अमिराचे विरोधकसुद्धा जेद्दाच्या परिषदेत अमिराच्याच पाठीशी उभे राहिले. म्हणून गोव्याला ‘मुक्ती’ शोभतं आणि कुवेतला ‘विलीनीकरण’ शोभत नाही. आपल्या काही लेखांत अजून ‘कुवेतचे विलीनीकरण’ छापतात. बळकावलं म्हणा. गिळंकृत केलं म्हणा.

माझे मामा तेव्हा कुवेतमध्ये मेकॅनिक होते. रत्नागिरीचे. जॉर्डनच्या वाळवंटातल्या छावणीतून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला उतरले. त्या दोन महिन्यांत अशी १,७०,०००हून जास्त माणसं आली. मामांच्या तोंडी आक्रमण नाही, चढाई नाही, की स्वारी नाही. ते एवढंच म्हणायचे, ‘इराकी घुसले.’ का घुसले विचारलं की ‘लुटायला’. दुकानांतले एसी ट्रकवर चढवताना त्यांनी डोळ्यांनी बघितले होते.

मूळ प्रश्नकर्ता

मामांनी सांगितलेला हेतू मला पटला, पण गुणपत्रकात बसायचा नाही. पुढच्या वेळी प्रश्न असा घालतो : ‘इराकने कुवेतवर केलेल्या आक्रमणाचे कोणतेही एक कारण आणि इराकने पुढे केलेल्या कोणत्याही दोन सबबी लिहा.’ ‘हेतू’ वगळतो, नाहीतर प्रतिसाद ४सारखी तीन पानं तपासत बसावं लागेल. रुमैला दोन्हीकडे ग्राह्य धरेन. सहकाऱ्यांचा विरोध आहे, त्यांच्या मते ‘सबबी’ हा शब्द प्रश्नपत्रिकेत बरा दिसत नाही. दुसरा सुचवा.

प्रतिसाद ७

‘बहाणे’ नको, ते सिनेमातलं वाटेल. ‘पुढे केलेली निमित्ते’ चालेल. फक्त प्रतिसाद २वाल्यांना पेपर तपासायला बसवू नका.