राजेहो, कोणत्या काळात जन्माला यायचं होतं?

परवा सीताबर्डीच्या किल्ल्याकडे पाहत चहा पीत होतो. मित्र म्हणाला, "आपण चुकीच्या काळात जन्मलो बे." मग दोन तास तेच. म्हणून हा धागा. तुमचा काळ सांगा, घरातली एखादी आठवण त्याला चिकटलेली असेल तर तीही.

माझं उत्तर: 1956 च्या आधीचं नागपूर. तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी आपलं शहर होतं. सरकार बारा महिने इथेच, आतासारखं हिवाळ्यात हुरडा खायला आल्यागत नाही. आजोबा सचिवालयात कारकून. त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून एकदा ऑफिसात जायचं होतं.

*

दुसऱ्या रघुजी भोसल्यांचा काळ. आम्ही नागपूरच्या महाल भागातले, भोसल्यांच्या वाड्याशेजारचे, त्यामुळे चॉइसच नाही. लहानपणी वाड्याच्या भिंतीशी उभं राहून हत्ती कुठून निघत असतील याचा हिशोब करायचो. 1816 त रघुजी गेले अन् पुढच्याच वर्षी इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई आपण हरलो. तेवढं पाहायच्या आधी परत यायचं.

*

महालवाले भाऊ, वाड्यात तुम्ही कोण? सगळेच सरदार झाल्यावर हत्तीचं शेण कोण काढणार?

*

बरं, माहूत होतो. खूश? पण मग नातवाचं वाईट. 1853 त तिसरे रघुजी निपुत्रिक वारले, डलहौसीने राज्य खालसा केलं आणि हत्ती, घोडे, बैल सगळे विकायला काढले. हत्ती कितीला गेला ते इंग्रजाने लिहून ठेवलं असेल. माहूत कुठे गेला ते कोण लिहिणार?

*

'कोण म्हणून' हा प्रश्न आम्हा इंदोऱ्याच्या, म्हणजे नागपुरातल्या दलित वस्तीतल्या लोकांना पहिल्यांदा सुचतो. भोसलेकाळात मी वाड्याच्या आत नसतोच, अन् बाहेरही ठरवून दिलेल्या अंतरावर. म्हणून मला काळ नको, एक दिवस पाहिजे. 14 ऑक्टोबर 1956.

आजी काटोलकडून चालत आली होती, कडेवर माझे बाबा. पांढरं लुगडं नेसून यायचं होतं आणि तिच्याकडे सगळी रंगीत. पांढरं विधवेनं नेसायचं, अशी तोवरची समजूत. तिने शेजारच्या म्हातारीचं उसनं घेतलं. बाबासाहेबांनी आधी चंद्रमणी महास्थविरांकडून दीक्षा घेतली, मग मैदानातल्या लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. आजी फार मागे होती, तिला दिसलं काहीच नाही. "आवाज आला नं पण," म्हणायची. ते लुगडं तिने परत केलंच नाही. म्हातारीनेही मागितलं नाही. पावणेदोन महिन्यांनी, 6 डिसेंबरला बाबासाहेब गेल्याची बातमी आली, त्या दिवशी ते दुसऱ्यांदा निघालं.

*

माझं माहेर रामटेकचं. मला वाकाटकांचा काळ हवा, पाचव्या शतकाची सुरुवात. राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आपलं नगरधन. नवरा गेल्यावर प्रभावतीगुप्तेने लहान मुलाच्या नावाने कारभार पाहिला. तिच्या ताम्रपटात वंशावळ येते ती माहेरच्या गुप्तांची! मी सासरी दारावर माझं नाव लावायला अकरा वर्षं भांडले, म्हणून ही बाई माझी लाडकी.

*

वहिनी, पाचव्या शतकात मिरची नाही. ती पोर्तुगीजांनी आणली. पोहे मिळतील, तर्री नाही. विचार करा.

*

मिऱ्यांवर भागवीन.

*

कूलर नसलेला कोणताच काळ नको. मे महिन्यात हा धागा काढायला पाहिजे होता.

*

1 जानेवारी 1877, एम्प्रेस मिल सुरू झाली तो दिवस. बाबा त्याच कापडाच्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. पण तिथे काम करायचं नाही, फक्त फाटकाशी उभं राहून पाहायचं. रुई छातीत जाते म्हणजे काय ते आम्ही रात्री त्यांच्या खोकल्यात ऐकलंय. मिल 2002 त बंद झाली, आता तिथे मॉल आहे. बाबा सरकत्या जिन्यावरून वर जातात आणि सांगतात, "इथेच माझा साचा होता." दरवेळी वेगळ्या मजल्यावर.

*

माझं वय शहात्तर. मागचा कोणताही काळ तुम्ही घ्या, मले नको. चेहऱ्यावर देवीचे वण आहेत माझ्या. धाकटी बहीण त्याच तापात गेली. माझ्या नातीला देवी म्हणजे फक्त देवळातली माहीत. मी इथेच बरी आहे बाप्पा.

*

धागाकर्ता पुन्हा. इंदोऱ्याचा अनुभव वाचून आजोबांची वही काढली. नोव्हेंबरपासून राजधानी भोपाळला जाणार, म्हणून त्या ऑक्टोबरभर पानोपानी बांधाबांध. मी तीच नागपुरातली शेवटची शान म्हणून आजवर वाचत आलो. 14 तारखेच्या पानावर दोन ओळी आहेत.

"दसरा. इतवारीत दोन ट्रंका घेतल्या. परतताना रस्त्यावर पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांची फार गर्दी, सायकल हातात धरून चालावे लागले."