उंदरांना शिकवणे हीसुद्धा नोकरी असू शकते

पदवीनंतर प्राण्यांसोबत काम करायचे असेल, तर पशुवैद्यक होण्यावाचून मार्ग नाही, असे अनेकजण म्हणतात. ते मला पटत नाही. टांझानियात अपोपो ही संस्था गालात पिशव्या असलेल्या मोठ्या आफ्रिकी उंदरांना वासावरून भूसुरुंग ओळखायला शिकवते. हे उंदीर इतके हलके असतात की त्यांच्या वजनाने सुरुंग फुटत नाही, आणि टेनिसच्या मैदानाएवढी जागा ते सुमारे अर्ध्या तासात हुंगून काढतात; धातुशोधक यंत्र घेतलेल्या माणसाला तेवढ्यासाठी चार दिवसही लागू शकतात. यांतल्याच मगावा नावाच्या उंदराला २०२० मध्ये ब्रिटनमधील पीडीएसए या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेचे सुवर्णपदक मिळाले, याचा मला आजही आनंद वाटतो. शिकवणाऱ्याला मुख्यतः लागते ते वेळेचे अचूक भान, कारण योग्य वास हुंगताच क्लिकचा आवाज आणि लगोलग खाऊ द्यावा लागतो. क्षणभर उशीर झाला तरी प्राणी भलतीच कृती शिकू शकतो. म्हणून सुरुवातीला प्राण्यांच्या निवाऱ्यात पिंजरे साफ करण्याचे काम मिळाले तरी ते जरूर घ्यावे, कारण कान, शेपटी आणि श्वास पाहून प्राण्याची मनःस्थिती ओळखणे तिथेच शिकता येते, आणि अर्जात लिहिण्याजोगा खरा अनुभवही तोच असतो.