जुना पिकअप घाटात घसरायलाय, क्लच गेला का गिअरबॉक्स? खोलायच्या आधी काय बघू?

कळंबचा पिकअपवाला:
राम राम मंडळी. बोलेरो पिकअप हाय माझ्याकडं, २०१३ चं मॉडेल, सेकंडमधी घेतलेली, सव्वा टनाची पासिंग. कांदा घेऊन सोलापूरच्या मार्केट यार्डात जायचं आणि येताना खत नाहीतर सिमेंट भरून यायचं हेच काम. आता काही दिवसापासून असं व्हायलंय की सपाटीला काहीच कळत नाही पण येताना तामलवाडी सोडून तुळजापूरचा घाट लागला आणि चौथ्यात पाय दाबला की इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी हाय तशीच, तिसऱ्यात टाकली की थोडी उचलती, दुसऱ्यात तर काहीच त्रास नाही. परवा वर येऊन थांबलो तर खालून करपल्यासारखा वास. यूट्यूबवर बघितलं, त्यात तो म्हणतोय ट्रान्समिशन स्लिप होत असेल तर ट्रान्समिशनचं ऑइल आणि फिल्टर बदला. इथला मिस्त्री म्हणायलाय बघायबिघायची काही गरज नाही, गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट टाकू, नऊ हजार. कांद्याचे भाव बघता नऊ हजार लई होतेत राव. आधी ऑइल बदलून बघू का?

उदगीरचा डिझेल मिस्त्री:
दादा ते ऑइलचं डोक्यातून काढा. तो व्हिडिओ ऑटोमॅटिक गाडीचा असणार, अमेरिकेत पिकअप बहुतेक ऑटोमॅटिकच असतेत, त्यांच्या आतल्या क्लचच्या प्लेटा तेलातच बुडालेल्या असतेत आणि तेलाच्या प्रेशरवरच आवळल्या जातेत, म्हणून तेल कमी झालं किंवा जळालं की घसरतं. आपल्या पिकअपचा क्लच कोरडा. फ्लायव्हील (इंजिनच्या मागचं जड चाक) आणि प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारी) यांच्या मधी दाबलेला, गिअरबॉक्सच्या तेलाशी त्याचा संबंधच नाही. उलट तिथपर्यंत तेल पोचलं तर घसरतो, ते पुढं सांगतो.

चौथ्यात घसरतंय आणि दुसऱ्यात नाही म्हणजे क्लचच. खालच्या गिअरला चाकाचा जोर कितीतरी पट वाढून मिळतो त्यामुळं इंजिनला फार ताकद लावावी लागत नाही, वरच्या गिअरला चढावर सगळा भार क्लचवर येतो आणि त्याला तो धरवत नाही. गिअरबॉक्स खराब असता तर गिअर सुटला असता, खरखर आली असती, एखादाच गिअर लागला नसता. आणि एक बघा, इंजिनचा आवाज चढतोय आणि गाडी पळंना असं असंल तरच क्लच. आवाजही चढंना आणि गाडीही पळंना असं असंल तर डिझेल फिल्टर, टर्बोचा फाटलेला पाईप असलं काहीतरी असतं. लोक इथं गंडतेत आणि फुकट गिअरबॉक्स उतरवतेत.

खात्री करायची असंल तर सपाट जागेला, समोर माणूस नाही बघून, हँडब्रेक पूर्ण ओढा, पायाचा ब्रेकही दाबा, चौथा गिअर टाका, थोडी रेस ठेवून क्लच हळूहळू सोडा. इंजिन धापकन बंद पडलं तर क्लच धरतोय. क्लच पूर्ण सोडला तरी इंजिन चालूच राहिलं तर घसरतोय. एकदाच करा, सारखं सारखं केलं तर उरलीसुरली प्लेटही जाळून बसाल.

मांजराकाठ:
मिस्त्री बरोबर बोललेत पण घसरतोय म्हणजे प्लेट झिजली असंच नसतं हे लक्षात घ्या. गिअरबॉक्स उतरवायच्या आधी पेडल बघा. हातानं हलकं दाबून बघा, सुरुवातीला थोडं मोकळं जायला पाहिजे. मोकळं काहीच नसंल, पहिल्यापासूनच कडक लागत असंल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं) कायम दाबलेलं राहतंय, म्हणजे तुम्ही पाय ठेवला नाही तरी गाडी हाफ क्लचवरच चालायली.

तुमच्या गाडीला क्लचचं ब्रेक ऑइल टाकायचं भांडं असंल तर हायड्रॉलिक हाय. ही गंमत बरेच मिस्त्री करत नाहीत बगा. गाडी घसरायला लागली की लगेच बाजूला घ्या, बंद करा, खाली जाऊन स्लेव्ह सिलिंडरचं (गिअरबॉक्सजवळचा, क्लच ढकलणारा) हवा काढायचं निपल पाव आटा ढिलं करा. तेल पिचकारीसारखं उडालं आणि निपल परत आवळून गाडी चालवल्यावर घसरणं थांबलं, तर प्लेट चांगली हाय, प्रेशर माघारी येईना गेलंय. मास्टर सिलिंडरचा (पेडलजवळचा) रॉड जास्त बाहेर काढून ठेवलेला असतो नाहीतर आतलं रबर फुगून बारीक भोक बंद झालेलं असतं. रबर फुगतंय कामून, तर कुणीतरी ब्रेक ऑइलच्या भांड्यात इंजिन ऑइल ओतलेलं असतंय. सेकंडमधल्या गाड्यात असले प्रकार लई. ही दुरुस्ती गिअरबॉक्स न उतरवता होती. गाडी गरम असते तेव्हा हात जपून, आणि ते तेल रंगावर पडलं तर रंग जातो.

नांदेडचा ऑटोमॅटिकवाला:
धागा वाचून थोडं माझंही. माझ्याकडं जुनी ऑटोमॅटिक एसयूव्ही आहे आणि तिला खरोखरच स्लिपिंग झालं होतं, सकाळी थंड असताना व्यवस्थित आणि तासभर चालली की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मधेच न्यूट्रल झाल्यासारखं इंजिन ओरडायचं. तिथं मात्र ऑइल ही पहिली गोष्ट. नवं तेल बहुतेक लालसर असतं, माझं कॉफीसारखं काळपट झालेलं आणि करपलेला वास. आधी लेव्हल बघितली, कमी होती, गळती कुलरच्या पाईपातून. लेव्हल कमी झाली की पंप हवा ओढतो, प्रेशर बनत नाही, प्लेटा घसरून जळतात, आणि जळालेल्या प्लेटा नवीन तेलानं परत येत नाहीत. मी खालचा पॅन उघडून बघितला, चुंबकाला बारीक काळा गाळ होता, तेवढा चालतो म्हणाले, चकाकणारे तुकडे असते तर बॉक्सच खोलावा लागला असता. फिल्टर आणि कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचं तेल टाकलं, स्कॅनरनं एक सोलेनॉइड (तेलाचा रस्ता उघडझाप करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) बाद निघाला तो बदलला, आता ठीक आहे. मशीन लावून जोरात फ्लश करू नका असं मला सांगितलं गेलं, जुना गाळ सुटून व्हॉल्व्ह बॉडीत जातो. पिकअपवाल्या भाऊंना यातलं काही लागू नाही, पण शोधत इथं येणाऱ्या ऑटोमॅटिकवाल्यांसाठी लिहिलं.

गेवराई_७०७:
एवढं डोकं लावायची गरज नाही, फक्त प्लेट टाका मोकळे व्हा. माझ्या पिकअपला नुसती प्लेट टाकली, फेसिंगबिसिंग (फ्लायव्हील घासून सपाट करणं) काही नाही, कापूस ओढतोय आरामात.

उदगीरचा डिझेल मिस्त्री:
भाऊ तुमचं नशीब चांगलं. खर्च पार्टचा कमी आणि उतरवा-चढवायचा जास्त असतो, म्हणून एकदा खाली आलं की प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग तिन्ही एकदमच टाकावं. जुन्या प्रेशर प्लेटची डायफ्राम स्प्रिंग तापून ढिली पडलेली असती, तिच्यावर नवी प्लेट टाकली की काही महिन्यानी परत तोच घाट आणि तोच वास.

कळंबचा पिकअपवाला:
सगळं करून बघितलं. हँडब्रेक ओढून चौथ्यात क्लच सोडला, इंजिन बंद पडंना, म्हणजे घसरतोच. पेडलला मोकळं हाय थोडं. पोराला टॉर्च धरायला लावून निपल ढिलं केलं तर तेल नुसतं थेंब थेंब आलं, पिचकारी नाही. पण खाली झोपलो तर दुसरंच दिसलं, बेल हाऊसिंगच्या (क्लचवरच्या आवरणाच्या) बुडाला बारीक भोक हाय तिथून काळं तेल गळायलंय, आजूबाजूला धूळ बसून चिकट गोळा झालेला. हे काय?

उदगीरचा डिझेल मिस्त्री:
सापडलं मग. आता ते तेल बोटावर घेऊन चोळा. काळं कुळकुळीत आणि पातळ असंल तर इंजिन ऑइल, म्हणजे क्रँकच्या मागचं सील गेलं. घट्ट असंल आणि गंधकासारखा उग्र वास येत असंल तर गिअर ऑइल, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं सील. दोन्ही गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय बदलता येत नाहीत, आणि नुसती प्लेट टाकून बंद केलं तर नवी प्लेटही तेल पिऊन बसल. तेल लागलेली प्लेट पेट्रोलनं धुऊन परत टाकू म्हणणारे भेटतेत, ऐकू नका.

कळंबचा पिकअपवाला:
काळं पातळ. वास डिझेल गाडीच्या जुन्या ऑइलचाच.

मांजराकाठ:
मग सील टाकायच्या आधी ब्रीदरचा (इंजिनातला दाब बाहेर सोडणारा) पाईप बघा. इंजिन चालू ठेवून ऑइल टाकायचं झाकण काढा, भकाभका धूर आणि झाकण उडतंय इतका दाब असंल तर आतल्या दाबानं सील बाहेर फेकलं जातंय. पाईप चोंदलेला असंल तर साफ करून भागतं. पाईप मोकळा असूनही तेवढाच धूर असंल तर पिस्टन रिंगा झिजल्यात, तो खर्च वेगळा.

कळंबचा पिकअपवाला:
पाईपात काळा चिखल साचलेला होता, काढला. आता झाकणातून थोडाच धूर येतो. मिस्त्रीला सील, तिन्ही पार्ट आणि फेसिंग सांगितलं तर चौदा हजार म्हणायलाय. तोवर गाडी चालवू का? कांदा भरून ठेवलाय.

उदगीरचा डिझेल मिस्त्री:
रिकामी गॅरेजपर्यंत चालवा, कांदा दुसऱ्याच्या गाडीत घाला. घसरणाऱ्या क्लचवर भरलेली गाडी घाटात नेली तर फ्लायव्हीलला निळे डाग आणि चिरा पडतेत, चिरा पडल्या की फेसिंगनंही भागत नाही. चौदात सगळं होत असंल तर ठीक हाय, पण पार्ट तुम्ही स्वतः दुकानातून आणा, कंपनीचा नाहीतर व्हॅलिओ, लूक (LuK) असल्या ब्रँडचा, बिल घेऊन. डब्या डुप्लिकेट लई फिरायल्यात. गिअरबॉक्स चढवताना खाली जॅक द्या म्हणावं, त्याचं वजन प्लेटवर लटकलं की मधला हब वाकतो. स्प्लाईनला (शाफ्टच्या दात्यांना) ग्रीस अगदी नावाला, जास्त झालं तर फिरून प्लेटवरच उडतं. बसवल्यावर पहिले चारपाचशे किलोमीटर माल हलकाच घाला आणि चालवताना डावा पाय क्लचवरून खाली ठेवा, पोरगं चालवत असंल तर त्यालाही सांगा. ओव्हरलोडचं तर बोलतच नाही, २०१९ पासून दंडच वीस हजार आणि वर जादा टनाला दोन हजार हाय.