शब्दचर्चा : प्रेस्बिटेरियन 'मिनिस्टर' म्हणजे पाळक, पाद्री की धर्मगुरू?

प्रश्न

एकोणिसाव्या शतकातल्या एका स्कॉटिश मिनिस्टरच्या (प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथातल्या) जीवनकार्यावरचा लेख मराठीत आणते आहे. 'मिनिस्टर'ला मंत्री म्हणता येत नाही, एवढंच नक्की. 'पाद्री' लिहिलं तर हेटाळणीचा वास येतो. 'धर्मगुरू' भारदस्त वाटतो, पण बरोबर आहे का? त्यातून मजकुरात लायसन्स, कॉल, इंडक्शन हे शब्द सारखे येतात आणि एके ठिकाणी तर हा गृहस्थ एका गावाहून दुसऱ्या गावी चक्क 'ट्रान्सलेट' झाला असं लिहिलंय. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

'पाळक' लिहा, निःशंकपणे. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या स्थानिक समुदायांमध्ये, हाच शब्द रुळलेला आहे. 'पाळकसाहेब' ही रोजच्या बोलण्यातली हाक आहे आणि मराठी बायबलमध्येही इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक यांच्या जोडीला 'पाळक' आलेला आहे.

'पाद्री' पोर्तुगीज 'पाद्रे'वरून आला. त्याचा अर्थ बाप. म्हणजे तो मुळात कॅथलिक 'फादर'चा भाऊबंद. जुन्या मराठी लिखाणात गोऱ्या मिशनऱ्यांना सरसकट पाद्री म्हटलेलं सापडतं, तेव्हा त्या काळातल्या कुणाच्या तोंडचं वाक्य असेल तर जरूर ठेवा. निवेदनात मात्र नको.

'याजक' आणि 'पुरोहित' तर साफ चूक. याजक म्हणजे वेदीवर अर्पण करणारा, देव आणि माणूस यांच्यामधला मध्यस्थ. असा वेगळा मध्यस्थवर्ग नसतो, सगळे विश्वासणारेच याजक, ही धर्मसुधारणेची मूळ भूमिका. प्रेस्बिटेरियन पाळकाला याजक म्हणणं म्हणजे ज्या गोष्टीला त्याच्या पूर्वजांनी नकार दिला तीच त्याच्या गळ्यात बांधणं. 'धर्मगुरू' इतका चुकीचा नाही, पण गुरू म्हटलं की मराठी कानाला शिष्य आणि आज्ञा ऐकू येतात. 'मिनिस्टर' हा लॅटिन शब्द, अर्थ सेवक. तो 'मिनुस' म्हणजे 'कमी' यावरून आला, तर 'मॅजिस्टर' म्हणजे गुरू हा 'मॅजिस' म्हणजे 'अधिक' यावरून. दोन्ही शब्दांची तोंडं विरुद्ध दिशांना आहेत. त्यामुळे सेवकाच्या जागी गुरू बसवू नये असं मला मनापासून वाटतं.

प्रतिसाद

वरच्या उत्तराशी सहमत. फक्त 'प्रेस्बिटेरियन' या शब्दाकडेही लक्ष द्यायला हवं, कारण पाळकाचं स्थान त्यातूनच कळतं. ग्रीक 'प्रेस्बुतेरोस' म्हणजे वडील. मराठी मंडळ्यांत 'वडील' हे पदनाम आहे, नातं नव्हे. अनुवादात पहिल्यांदा येईल तिथे 'मंडळीचे वडील' असं लिहा, नाहीतर वाचकाला कुणाचे तरी तीर्थरूप वाटतील.

या पंथात वडील दोन प्रकारचे. वचन शिकवणारे वडील म्हणजे पाळक आणि कारभार पाहणारे वडील म्हणजे मंडळीतून निवडलेले सभासद. दोघांची मिळून होणारी सभा म्हणजे सेशन. पाळक तिचा अध्यक्ष असतो, पण एकट्याच्या सहीने मंडळीचा कारभार चालवू शकत नाही. अनेक मंडळ्यांवर प्रेस्बिटरी ही सभा, तिच्यावर सिनड आणि सर्वांत वर जनरल असेम्ब्ली. बिशप कुठेच नाही. असेम्ब्लीचा मॉडरेटर म्हणजे अध्यक्ष एका वर्षापुरता, नंतर तो पुन्हा आपल्या मंडळीचा साधा पाळक. म्हणून मॉडरेटरला 'चर्चप्रमुख' म्हणू नका.

प्रतिसाद

आता लायसन्स आणि ट्रान्सलेटबद्दल. या शब्दांमागे पाळकाचा सगळा जीवनक्रम आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

विद्यापीठातलं आधीचं शिक्षण आणि मग धर्मशास्त्राचा अभ्यास झाला की उमेदवार प्रेस्बिटरीपुढे जायचा. तिथे त्याला प्रवचनं द्यावी लागत, हिब्रू-ग्रीकची परीक्षा होई, धर्मसिद्धान्तांवर प्रश्न विचारले जात. उतरला तर उपदेश करण्याचा परवाना, तेच लायसन्स. पण परवानाधारक म्हणजे पाळक नव्हे! त्याला प्रोबेशनर म्हणत. तो व्यासपीठावरून उपदेश करी, मात्र बाप्तिस्मा देणं आणि प्रभुभोजन चालवणं त्याच्या हाती नसे. मंडळी मिळेपर्यंत कित्येक जण शाळामास्तरकी किंवा घरगुती शिकवण्या करत वर्षानुवर्षं थांबत. चरित्रात लायसन्सच्या आणि दीक्षेच्या सालांत मोठं अंतर दिसलं तर त्या मधल्या जागेत एका माणसाची उमेदीची वर्षं गेली आहेत, हे अनुवादकाने विसरू नये.

'कॉल'साठी 'पाचारण' हा मराठी ख्रिस्ती लोकांचा नेमका शब्द तयारच आहे. देवाने केलेलं पाचारण आणि मंडळीने पाठवलेलं पाचारण, दोन्ही अर्थ त्यात बसतात. मंडळीचं पाचारण हा सह्यांचा कागद असतो. तो प्रेस्बिटरीपुढे येतो आणि तिने मान्य केला तरच पुढचं पाऊल पडतं. मग दीक्षा : प्रेस्बिटरीतले पाळक उमेदवाराच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. दीक्षा आयुष्यात एकदाच. इंडक्शन मात्र प्रत्येक नव्या मंडळीत होतं, म्हणून त्याला 'पदग्रहण' म्हणा, 'दीक्षा' नको. 'ट्रान्सलेट होणं' म्हणजे एका मंडळीतून दुसरीत जाणं. 'बदली' लिहावंसं वाटेल, पण बदलीत वरून हुकूम येतो. इथे दुसऱ्या मंडळीचं पाचारण येतं. 'अमुक मंडळीच्या पाचारणावरून तिकडे गेले' हे लांब असलं तरी खरं आहे. 'डिमिट' दिसलं तर 'पद सोडलं' लिहा.

पाचारणाचा हक्क कुणाचा, यावर स्कॉटलंडमध्ये शंभराहून अधिक वर्षं वाद धुमसला. 1712च्या कायद्याने पाळक सुचवण्याचा अधिकार जमीनदार आश्रयदात्यांना दिला होता. मंडळीला नको असलेला माणूस तिच्यावर लादला जाई. अखेर 18 मे 1843 रोजी एडिंबरात जनरल असेम्ब्लीतून पाळकांचा मोठा गट उठून बाहेर पडला. चर्च ऑफ स्कॉटलंडमधले जवळजवळ एक तृतीयांश, म्हणजे साडेचारशेहून अधिक पाळक थॉमस चाल्मर्स यांच्या नेतृत्वाखाली वेगळे झाले आणि फ्री चर्च उभं राहिलं. त्यांनी काय सोडलं ते शब्दांनिशी पाहा. 'स्टायपेंड' म्हणजे पाळकाचं ठरलेलं वेतन. 'मॅन्स' म्हणजे पाळकाचं घर. 'ग्लीब' म्हणजे त्याच्या निर्वाहासाठी लावून दिलेली जमीन. (याला 'वतन' म्हणू नका. वतन वंशपरंपरेने चालतं, ग्लीब पदाबरोबर येई आणि पदाबरोबर जाई.) बायकामुलांसकट घर रिकामं करून हे लोक बाहेर पडले, तेही पाळक कुणी निवडायचा या प्रश्नावर. त्यामुळे तुमच्या लेखात 1843च्या आसपास 'कॉल' आला तर तो शब्द हलक्या हाताने उरकू नका.

प्रतिसाद

या घटनेचा धागा आपल्याकडेही येतो. जॉन विल्सन 1829मध्ये मुंबईत आले ते चर्चची दीक्षा घेतलेले पाळक म्हणूनच. मराठीत आपण त्यांना 'मिशनरी' म्हणून ओळखतो, पण मिशनरी हे काम झालं आणि मिनिस्टर हे पद. 1843नंतर तेही फ्री चर्चमध्ये गेले आणि 1870 साली त्याच फ्री चर्चच्या असेम्ब्लीचे मॉडरेटर झाले. नंतर पुन्हा मुंबई, आणि 1875मध्ये तिथेच मृत्यू. विल्सन यांच्याकडे बाप्तिस्मा घेतलेले धनजीभाई नवरोजी या पारशी तरुणाला 1846 साली फ्री चर्चने पाळकाची दीक्षा दिली. 'यमुनापर्यटन'कार बाबा पदमनजीही पुढे याच परंपरेतले पाळक. त्यांनी मराठी कोशाचंही काम केलं, हे इथल्या मंडळींना मुद्दाम सांगावंसं वाटतं.

आणखी एक सावधगिरी. 1970मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि उत्तर व पश्चिम भारतातल्या पुष्कळ प्रेस्बिटेरियन परंपरेच्या मंडळ्या त्यात आल्या. तिथे बिशप आहेत, आणि 'प्रेसबिटर' म्हणजे दीक्षित पाळक. निवडलेल्या सभासद-वडिलांना तिथे प्रेसबिटर म्हणत नाहीत. जुन्या स्कॉटिश मजकुरात 'प्रेस्बिटर' दिसला तर आजचा अर्थ घालू नका.

प्रश्नकर्तीचा प्रतिप्रश्न

खूप आभार. 'पाळक', 'पाचारण', 'पदग्रहण' घेतले. आता एक शेवटचं अडलंय. मृत्यूच्या नोंदीत 'वयाच्या 78व्या आणि मिनिस्ट्रीच्या 51व्या वर्षी' असं आहे. सेवेची वर्षं कुठून धरायची?

प्रतिसाद

दीक्षेपासून. परवाना मिळाल्याची तारीख धरत नाहीत. मध्ये मंडळी बदलली तरी मोजणी खंडित होत नाही, कारण दीक्षा एकच. 'पाळकीय सेवेच्या 51व्या वर्षी' असं लिहा, नुसतं 'सेवेच्या' लिहिलंत तर वाचक नोकरी समजेल. आणि '51 वर्षांच्या सेवेनंतर' असंही करू नका, ते वर्ष अजून चालू होतं.