पुणे, संभाजीनगर, नागपूर, कोल्हापूर: घरखर्चाचे आणि राहणीमानाचे अनुभव

ज्यांनी राज्यातल्या एका शहरातून दुसऱ्या शहरात बिऱ्हाड हलवले आहे, त्यांनी आपापले अनुभव येथे लिहावेत, ही विनंती. केवळ घरभाड्याचा आकडा देऊन थांबू नये. पाणी, वीज, दवाखाना आणि जाण्यायेण्याचा वेळ यांचाही हिशोब मांडावा, कारण शहर स्वस्त की महाग हे माझ्या मते तिथेच ठरते. सुरुवात मीच करते, त्यापुढचे अनुभव इतरांचे आहेत.

पुण्याहून छत्रपती संभाजीनगर: वाकडला पगाराचा तिसरा हिस्सा भाड्यात जात असे, इथे त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत अंगणासकट घर मिळाले. मात्र जायकवाडीचे पाणी शहरापर्यंत चढावर उपसून आणावे लागते आणि आमच्या भागात नळाला ते कित्येक दिवसांच्या अंतराने येते. त्यामुळे खाली हौद, गच्चीवर टाक्या, मोटर आणि उन्हाळ्यात टँकर ही सारी सोय ज्याची त्याने करायची. पाण्याच्या दिवशी आम्हा दोघांपैकी एकाला कामावरून लवकर यावे लागते, ते वेगळेच. अर्थात वाकडच्या सोसायटीतही टँकर येतच होते, पण त्यांचे पैसे मेंटेनन्समध्ये मिसळलेले असल्याने जाणवत नसत. तुलना करताना हा खर्च दोन्हीकडे धरायलाच हवा.

मुंबईहून नागपूर: रुंद रस्ते आहेत, २०१९ पासून मेट्रो आहे, आणि लोकलमध्ये जाणारा वेळ आता मुलांच्या वाट्याला येतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि कूलर रात्रंदिवस चालतो, म्हणून उन्हाळ्यातल्या विजेच्या बिलासाठी आम्ही हिवाळ्यापासूनच पैसे बाजूला काढतो.

पुण्याहून कोल्हापूर: आईवडिलांसाठी परतलो. गंगावेशीत समोर धार काढून दिलेले म्हशीचे दूध मिळते, भाजी ताजी असते आणि दवाखाना रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. पगार मात्र कमी झाला. नदीकाठच्या काही भागांत घरे स्वस्त मिळतात, त्याचे कारण पावसाळ्यात कळते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आहे आणि धोक्याची ४३ फूट; पाणी पस्तिशीकडे सरकले की तळमजल्यावरची मंडळी गाद्या, फ्रीज आणि कागदपत्रे माडीवर चढवू लागतात. घर पाहायला जाल तेव्हा २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी कुठवर आले होते, हे घरमालकाला नव्हे, शेजाऱ्यांना विचारा.

सोलापूरहून पुणे: तिकडे घर स्वतःचे होते, इकडे भाडे भरतो. पण यजमानांची हिंजवडीतली नोकरी गेली, तेव्हा दुसरी खराडीत मिळाली आणि मुलांची शाळा बदलावी लागली नाही. त्यांच्या कामाची दुसरी कंपनी सोलापुरात सापडली नसती, सगळ्या घरालाच गाव सोडावे लागले असते. आता त्यांची ये-जा लांबली आहे. भाडेकरार संपला की खराडीच्या बाजूला घर शोधणार आहोत.