मदत हवी आहे: गच्चीच्या कठड्याचं प्लास्टर टिकत नाही, मालात नेमकं काय मिसळावं? (वडोदरा)

रावपुराकर
नमस्कार मंडळी. घर वडोदऱ्यात, रावपुऱ्यात. गच्चीच्या कठड्याचं बाहेरचं प्लास्टर लवकरच सुटायला लागलंय. तळव्याने चोळलं की रेती हाताला लागते, नाण्याने ठोकलं की जागोजागी पोकळ वाजतं, आणि वीट व आरसीसी कॉलम जिथे मिळतात तिथे सरळ उभी भेग आहे. सगळं खरवडून नव्याने करायचंय. पीपीसी सिमेंट (राख मिसळलेलं), 1:4 माल (एक भाग सिमेंट, चार भाग रेती), रेती ओरसंग नदीची. कडिया (गवंडी) म्हणतो वॉटरप्रूफिंग लिक्विड, एसबीआर (माल चिकटवणारं रबराचं दुधासारखं द्रावण), फायबर (बारीक तंतू) आणि वणाकबोरीच्या वीज केंद्राची राख, सगळंच घालू. खरंच लागतं का? प्रमाण काय?

ओळंबा
सगळं एकत्र अजिबात नको. तुमच्या तक्रारी तीन आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी.

हाताला रेती लागते म्हणजे माल अशक्त आहे. रेतीत गाळ, जास्त पाणी, घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी मारणं किंवा तराई (प्लास्टर पाणी मारून ओलं ठेवणं) कमी, यांपैकी काहीतरी झालंय. त्यावर कुठल्याही बाटलीत औषध नाही. आधी रेती तपासा: काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत रेती, वर मीठ घातलेलं पाणी, जोरात हलवा आणि तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर रेतीच्या उंचीच्या 8 टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर रेती धुवा किंवा परत पाठवा. प्लास्टरसाठी ती 4.75 मिमीच्या चाळणीतून काढलेली हवी.

मोजमाप घमेल्याने नको, 40 × 35 × 25 सेंमीची पेटी करून घ्या. तिच्यात 35 लिटर बसतं, म्हणजे सिमेंटची एक गोणी. रेती ओलसर असेल तर ती 20 ते 30 टक्के फुगलेली असते. तशी चार पेट्या मोजली तर खरी रेती कमी पडते, माल सिमेंटने जास्त होतो आणि केसासारख्या भेगा पडतात. ओलसर रेतीच्या पाच पेट्या घ्या.

राख तर नकोच. पीपीसीमध्ये ती कारखान्यातच 15 ते 35 टक्के घातलेली असते. वरून आणखी घातलीत तर सुरुवातीची ताकद आणखी उशिरा येईल आणि उन्हात पृष्ठभाग भुकटी होईल.

वॉटरप्रूफिंग लिक्विड घाला: साधारण 200 मिली एका गोणीला, पण डब्यावर लिहिलेलं प्रमाणच अंतिम माना. ते मालाच्या पाण्यात आधी मिसळायचं, कालवलेल्या मालावर ओतायचं नाही. जास्त घातलं तर मालात हवा अडकते आणि ताकद उतरते.

फायबर 6 मिमीचं, गोणीला 125 ग्रॅम. ओला माल सुकताना पडणाऱ्या बारीक भेगा ते अडवतं, माल काही मजबूत करत नाही. पुडी एकदम ओतली तर गोळे होतात. बोटांनी पिंजत, कोरड्या मालावर शिंपडत घाला.

कॉलमजवळची भेग मात्र मालात काहीही मिसळून थांबणार नाही, कारण दोन्ही पदार्थ वेगवेगळे आकसतात. तिथे गॅल्व्हनाइझ्ड जाळी, सांध्याच्या दोन्ही बाजूंना 15-15 सेंमी, खिळ्यांनी ताणून बसवा आणि मगच प्लास्टर.

रावपुराकर
खूप आभार. मग एसबीआर सगळ्या प्लास्टरमध्ये घातलं तर जास्त टिकेल ना? आणि कडिया माल मऊ होण्यासाठी कपड्याची पावडर घालतो, ते चालतं का?

थापी
पावडर बंद करा. त्याने फेस होतो, बुडबुडे मालात राहतात आणि तुमच्या हाताला लागतेय ती रेती तशीच पुन्हा लागेल. माल मऊ हवा असेल तर मॉर्टर प्लास्टिसायझर घ्या, त्यात पाणी कमी लागतं.

एसबीआर सगळ्या भिंतीला घालणं म्हणजे पैसे वाया. गोणीला 5 ते 10 लिटर लागतं. त्यातला निम्म्याहून अधिक भाग पाणीच असतो, म्हणून मालाचं पाणी तेवढं कमी करावं लागतं. कडिये नेमकं हेच विसरतात आणि माल पातळ होतो. ते वापरा कठड्याच्या माथ्यावर, कॉलमच्या गुळगुळीत काँक्रीटवर आणि दुरुस्तीच्या ठिगळांवर.

काँक्रीटला आधी छिन्नीने टाक्या मारून खडबडीत करा, धूळ झाडा, भिंत ओली करून पाणी निथळू द्या. मग एसबीआर, पाणी आणि सिमेंटची रबडी ब्रशने लावा. ती चिकट असतानाच प्लास्टर चढलं पाहिजे. वाळली तर तिचा उलट पापुद्रा बनतो आणि पोकळ वाजणारी जागा तिथेच तयार होते. वाळली असेल तर खरवडून पुन्हा लावा. एका वेळी कडिया अर्ध्या तासात झाकू शकेल एवढ्याच भागाला रबडी लावायला सांगा.

तराईत फरक आहे. साध्या प्लास्टरला सात दिवस, पीपीसीला दहा दिवस, दिवसातून तीनचार वेळा पाणी. वडोदऱ्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात गोणपाट बांधल्याशिवाय ओल टिकत नाही. एसबीआरच्या भागाला पहिले 24 तास ओलं, नंतर हवेवर सुकू द्या, नाहीतर त्यातल्या रबराचा पातळ पापुद्रा नीट तयार होत नाही.

ओळंबा
एक राहिलं. प्लास्टर दोन थरांत: पहिला 12-15 मिमी, त्यावर करणीने रेघा ओढून खडबडीत ठेवा, दुसरा 6-8 मिमी. एकाच दमात 25 मिमी मारलं की स्वतःच्या वजनाने खाली सरकतं. आणि कठड्याच्या माथ्याला गच्चीकडे उतार द्या, बाहेरच्या कडेला टिपकणीची खाच. पाणी भिंतीवरून न घसरता खाली टपकलं पाहिजे.

रावपुराकर
समजलं. तळमजल्याच्या जुन्या भिंतीला लोणा (ओलीबरोबर वर येणारे पांढरे क्षार) लागलाय, तिथेही हेच मिश्रण?

थापी
नाही. ती वीट जर चुन्याच्या मालात असेल तर वॉटरप्रूफ सिमेंट प्लास्टर लावू नका. ओल आत कोंडते आणि लोणा दोन फूट वर सरकतो. तिथे चुन्याचंच प्लास्टर. मालाला बोअरचं खारं पाणीही वापरू नका, त्यातले क्षार भिंतीतच उरतात. भिंत किती जुनी आहे आणि विटांमधला माल पांढरा आहे की करडा, एवढं सांगा, मग पुढचं ठरवू.